शेत न विकता : संख्याशास्त्राच्या परदेशी पीएचडीसाठी अर्ज करताना

परदेशात शिकायला जायचं म्हटलं की जालन्याकडच्या घरांत पहिला प्रश्न एकरांत विचारला जातो : किती रान काढावं लागेल? प्रश्न वावगा नाही. एम.एस.साठी अमेरिकेला गेलेल्या पोरांमागे तीस-चाळीस लाखांचं कर्ज आणि त्याला तारण म्हणून शहरातला प्लॉट किंवा आजोबांनी बांधलेलं घर, हे आता अंबड, परतूर, भोकरदनलाही नवं राहिलेलं नाही. पण हा लेख एम.एस.बद्दल नाही. संख्याशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र, म्हणजे कॉलेजात ज्याला आपण स्टॅट्स आणि बायोस्टॅट्स म्हणतो, या विषयांतल्या पीएचडीचा हिशेब उलटा आहे. इथे फी भरायची नसते, पगार घ्यायचा असतो.

अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या विभागांत पीएचडीला घेतलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षणशुल्क माफ होतं, आरोग्य विम्याचा मोठा भार विद्यापीठ उचलतं आणि वर भत्ता मिळतो. गावानुसार आणि विद्यापीठानुसार हा भत्ता वर्षाला साधारण पंचवीस हजार डॉलरपासून पंचेचाळीस हजारांपर्यंत असतो. बदल्यात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायचं : पदवीच्या मुलांचे तास घेणं, त्यांचे पेपर तपासणं, किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पात विश्लेषण करणं. एकट्या माणसाचं भागतं, घरी पैसे पाठवण्याइतकं उरतंच असं नाही. पण सातबाऱ्याला हात लावायची गरज नाही, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. ऑफर लेटरमध्ये किती वर्षांची हमी आहे ते मात्र नीट वाचा. चार किंवा पाच वर्षांची हमी चांगली. एकाच वर्षाची असेल तर पुढचं काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

खर्च होतो तो प्रवेश मिळेपर्यंत. अर्जाची फी दर विद्यापीठामागे ७५ ते १२५ डॉलरच्या घरात असते. दहा ठिकाणी अर्ज केला तर हजार डॉलरच्या आसपास जातात. जीआरई परीक्षेला वीस हजारांच्या वर रुपये लागतात, इंग्रजीच्या परीक्षेला पंधरा हजारांच्या वर. म्हणजे सव्वा-दीड लाखाची तयारी ठेवावी. प्रवेश झाल्यावर परदेशी विद्यार्थ्याच्या नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी, व्हिसाची फी, विमानाचं तिकीट आणि पहिल्या महिन्याचं घरभाडं व अनामत आलंच, कारण पहिला भत्ता हातात पडायला महिना-दीड महिना लागतो. ही रक्कम लहान नाही, पण ती दोन वर्षांत साठवता येते. अर्जाची फी माफ होईल का, असं विभागाच्या प्रवेश समन्वयकाला ईमेलने विचारायला लाजू नका. परदेशी विद्यार्थ्यांना बरेच जण नाही म्हणतात, काही हो म्हणतात. विचारण्याने अर्जावर काळा ठिपका पडत नाही.

याच ठिकाणी सल्लागारांबद्दल बोलून घेतो. परदेशी शिक्षणाची दुकानं आता प्रत्येक मोठ्या शहरात आहेत आणि त्यांतल्या अनेकांची कमाई फी भरणाऱ्या विद्यार्थ्यामागे मिळणाऱ्या कमिशनवर चालते. पीएचडीच्या विद्यार्थ्यामागे असं कमिशन नसतं. ‘पीएचडी फार अवघड, आधी एम.एस. करा, मग बघू’ हा सल्ला कधी खराही असतो, पण तो देणाऱ्याचं पोट कशावर भरतं हे आधी विचारा. पीएचडीच्या अर्जात असं एकही काम नाही जे दुसऱ्याला पैसे देऊन करून घ्यावं.

स्टॅट्स की बायोस्टॅट्स

दोन्हींचा पाया एकच : प्रोबॅबिलिटी आणि इन्फरन्स. फरक घरोब्याचा आहे. संख्याशास्त्राचे विभाग बहुधा विज्ञान शाखेत असतात, जैवसंख्याशास्त्राचे सार्वजनिक आरोग्याच्या शाळांत. जॉन्स हॉपकिन्सचा विभाग १९१८ पासूनचा आहे. सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना, हार्वर्ड, मिनेसोटा, एमरी ही पुढची ओळखीची नावं. तिथे औषधांच्या चाचण्या, कर्करोगाच्या रुग्णांची जगण्याची मुदत, जनुकीय माहिती, साथींचा फैलाव यांवर काम चालतं. ‘मी बारावीनंतर बायोलॉजी सोडली, मला कसं चालेल?’ असं पुष्कळजण विचारतात. चालतं. त्यांना जीवशास्त्र येणारा माणूस नको असतो, गणित येणारा आणि डॉक्टरांशी धीराने बोलू शकणारा माणूस हवा असतो.

जालन्याच्या मुलाला ही विद्या परकी वाटायचं कारण नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांची तुलना होते ती शेताचे ठोकळे पाडून, प्रत्येक ठोकळ्यात वाण चिठ्ठी टाकल्यासारखे यादृच्छिक लावून. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली आणि हे शहर बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं गेलं. कोणत्याही बियाण्याची खरी परीक्षा अशाच प्लॉटांत होते. ही पद्धत रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर घडवली. पुढे हीच कल्पना माणसांवर आली. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटिश चाचणी आधुनिक वैद्यकीय चाचण्यांची सुरुवात मानली जाते. कोणत्या वाफ्यात कोणतं बी आणि कोणत्या रुग्णाला कोणतं औषध, हा प्रश्न एकाच घरातला आहे.

निवड करताना पैशाची एक बाब माहीत असू द्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची प्रशिक्षण-अनुदानं फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. त्यामुळे बायोस्टॅट्सचा विभाग परदेशी विद्यार्थ्याला पैसे देतो ते प्राध्यापकांच्या प्रकल्पांतून किंवा अध्यापन साहाय्यातून. काही विभागांत ही सोय भरपूर, काहींत तुटपुंजी. ‘परदेशी पीएचडी विद्यार्थ्यांना पूर्ण निधी मिळतो का?’ हा एका ओळीचा ईमेल अर्जाची फी भरण्याआधी पाठवा.

तुमच्यात ते काय शोधतात

प्रवेश समितीसमोर शेकडो अर्ज असतात आणि समिती सर्वांत आधी तुमची गुणपत्रिका पाहते. त्यातही सगळे विषय नाही. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, रिअल ॲनालिसिस, प्रोबॅबिलिटी, इन्फरन्स, एवढ्यांवर बोट ठेवते. रिअल ॲनालिसिस हा खरा उंबरठा. त्या एका विषयात कळतं की तुम्हाला सूत्रात आकडे घालता येतात की सिद्धता मांडता येते. आपल्याकडे बी.एस्सी.ला विषय निवडताना पुष्कळ मुलं ‘स्कोरिंग’ म्हणून स्टॅट्सबरोबर कॉम्प्युटर घेतात आणि गणित सोडतात. पीएचडीचा विचार मनात असेल तर ही चूक करू नका. गणित सोडून झालं असेल तर एम.एस्सी.ला ते भरून काढता येतं, पण मेहनत दुप्पट पडते.

दुसरी अडचण गाइडची. दहा वर्षांचे पेपर सोडवून ॲनालिसिसमध्ये नव्वद पडतात, पण एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, असे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. गुणांचा हा फुगा तिथल्या पहिल्या वर्षाअखेरच्या पात्रता परीक्षेत फुटतो आणि ती परीक्षा नापास झालेल्याला मास्टर्स देऊन घरी पाठवतात. त्यामुळे इथेच खरं शिकून घ्या. पदवीच्या मुलांसाठी एमटीटीएस हा गणिताचा उन्हाळी कार्यक्रम १९९३ पासून चालतो. प्रा. कुमारेसन यांनी तो सुरू केला तेव्हापासून त्याचा आग्रह एकच आहे : विद्यार्थ्याने फळ्यापुढे उभं राहून विचार करावा. निवड झाली तर दुसरं काहीही सोडून जा. इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची उन्हाळी संशोधन फेलोशिपही आहे. पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. अभ्यंकर स्वतः हार्वर्डचे पीएचडी आणि पुढे अनेक दशकं पर्ड्यू विद्यापीठात.

तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर थेट पीएचडीला अर्ज करता येतो का? अमेरिकेत कागदोपत्री काही ठिकाणी येतो, काही विद्यापीठं मात्र सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. माझं मत स्पष्ट आहे : एम.एस्सी. करूनच जा. ती कुठे करता यालाही वजन आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट.ची प्रवेश परीक्षा कठीण असते, पण तिथे शिकवणी फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं, आणि अमेरिकेतले वरचे विभाग भारतातून ज्यांना घेतात त्यांत तिथल्या मुलांचा भरणा मोठा असतो. जॅम परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर आहे, त्यातून मुंबई आणि कानपूरच्या आयआयटीत जाता येतं. मुंबईत देवनारला आयआयपीएस आहे. तिचं बळ लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकडेवारीत आहे. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजारांनी उभा केला. ते केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे पीएचडी करून आले होते, आणि पुढे त्यांच्या दोन मुली अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ झाल्या. यांपैकी काहीच जमलं नाही तरी संभाजीनगरला आपल्या मराठवाडा विद्यापीठाचा विभाग आहेच. तिथून अर्ज करणाऱ्याने एवढंच समजून असावं की विद्यापीठाचं नाव समितीला परिचित नसणार, म्हणून बाकीचा पुरावा ठळक हवा : वर्गातला क्रमांक, जीआरईचे गुण, एखादा नीट केलेला प्रकल्प.

आर ही भाषा यायलाच हवी, पायथनही शिकून ठेवा. दोन्ही फुकट आहेत. त्यासाठी हजारो रुपयांचा डेटा सायन्सचा क्लास लावणं मला तरी पटत नाही.

निवेदन : पीक कापणीपासून सुरुवात करा

स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणजे तुम्ही काय शिकलात, काय केलंत आणि पुढे कशावर काम करायचं आहे याचं दोन पानी निवेदन. आपल्याकडून जाणारी शंभरातली ऐंशी निवेदनं ‘लहानपणापासून मला आकड्यांची आवड होती’ या वाक्याने सुरू होतात. वाचणारा तिथेच पान उलटतो. उरलेली इंटरनेटवरून किंवा आता यंत्राकडून लिहून घेतलेली असतात, आणि ती एकमेकांसारखी दिसतात.

तुमच्याकडे याहून चांगलं काहीतरी आहे. पीक विम्याचे पैसे मिळणार की नाही हे ज्यावर ठरत आलं, तो पीक कापणी प्रयोग मराठवाड्यातल्या प्रत्येक शेतकरी घराने पाहिलाय किंवा त्याच्या नावाने बोटं तरी मोडली आहेत. महसूल मंडळातली गावं निवडायची, गावातले गट नंबर निवडायचे, शेतात यादृच्छिक आकड्यांवरून प्लॉटचा कोपरा ठरवायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं आणि त्या सरासरीची तुलना मंडळाच्या उंबरठा उत्पन्नाशी करायची. ही शुद्ध बहुस्तरीय नमुना निवड आहे. तिच्या मुळाशी एक मराठी नाव आहे : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्म, पुण्यात फर्ग्युसनला शिक्षण, १९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्राची पीएचडी. तिथे जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या सहवासात ते तयार झाले. परत येऊन भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक उत्पादनाचे अंदाज यादृच्छिक कापणीवरून काढण्याची पद्धत देशभर रुजवली, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं, १९५४ साली आलेलं पाठ्यपुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. खटाव तालुक्यातल्या गावातून लंडनला जाऊन पुन्हा आपल्याच शेताकडे वळलेला हा माणूस आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना नावानेसुद्धा माहीत नसतो, याची खंत वाटते.

आता याचं निवेदनात काय करायचं? भावनेचा भाग बाजूला ठेवून प्रश्न विचारायचा. मंडळाच्या एका टोकाला पाऊस पडतो आणि दुसऱ्या टोकाला ढग नुसते जातात, तेव्हा थोड्या प्लॉटांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा? उपग्रहाची चित्रं आणि कापणीचे आकडे एकत्र करून एकेका गावाचा अंदाज सुधारता येईल का? थोड्या नमुन्यांवरून लहान भागाचा अंदाज काढण्याची संख्याशास्त्रात स्वतंत्र शाखा आहे, ‘स्मॉल एरिया एस्टिमेशन’ या नावाने. तिच्यावर काम करणारे प्राध्यापक तुमच्या निवडलेल्या विभागात असतील तर निवेदनाचा शेवटचा परिच्छेद आपोआप लिहून होतो. तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यातल्या नोंदी, कुपोषणाची अंगणवाडीतली वजनं, मोसंबीच्या बागांतली झाडं वाळण्याचं प्रमाण, यांतूनही असेच प्रश्न निघतात. अट एकच : जे खरंच पाहिलं, हाताळलं, त्याबद्दलच लिहा. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उसनं पाणी ओळखू येतं.

दुष्काळ, वडिलांचं कर्ज, आईची मजुरी, हे सांगावंसं वाटलं तर त्याची जागा वेगळी आहे. मिशिगन किंवा बर्कलीसारखी काही विद्यापीठं वैयक्तिक निवेदन स्वतंत्र मागतात. तिथे साध्या शब्दांत लिहा. मुख्य निवेदनात मात्र गणित आणि प्रश्नच असू द्या. कणव मागणारा अर्ज समितीला अवघडून टाकतो.

तीन पत्रं

अर्जातला सगळ्यात नाजूक भाग शिफारसपत्रांचा, आणि आपली मुलं इथेच सर्वाधिक मार खातात. तीन पत्रं लागतात. आपल्याकडे प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ त्यात त्यांचा दुष्टावा नसतो. वेळ नसतो आणि अशा पत्राची सवय नसते. पण विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेली तीन पत्रं एकाच सुरात बोलतात आणि वाचणाऱ्याच्या ते चटकन लक्षात येतं. शिवाय बहुतेक पोर्टलवर ‘हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो’ अशी खूण तुम्ही केलेली असते.

यावर मार्ग आहे. सरांना किंवा मॅडमना एक पान माहिती नेऊन द्या : कोणत्या वर्षी कोणता विषय त्यांच्याकडे शिकलात, किती गुण पडले, वर्गात कितवे होता, प्रकल्पात काय केलं, सेमिनारमध्ये कोणतं प्रमेय मांडलं. पत्र त्यांचं त्यांना लिहू द्या. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. ‘गेल्या पंधरा वर्षांत मी शिकवलेल्या विद्यार्थ्यांत हा पहिल्या तिघांत आहे, कारण त्याने अमुक सिद्धतेतली माझी चूक दाखवली’ हे एक वाक्य ‘कष्टाळू, आज्ञाधारक, सुस्वभावी’ अशा दहा विशेषणांपेक्षा भारी. प्राचार्यांचं, आमदारांचं किंवा संस्थाचालकांचं पत्र घेऊ नका. ज्यांनी तुम्हाला शिकवलं नाही त्यांच्या पदाचा इथे काही उपयोग नाही.

एक तांत्रिक खाच. पोर्टल शिफारस देणाऱ्याला ईमेल पाठवतं आणि संस्थेचा ईमेल पत्ता असला तर त्यावर जास्त भरवसा ठेवला जातो. आपल्याकडचे अनेक प्राध्यापक खासगी मेल वापरतात. कॉलेजच्या नावाचा पत्ता असेल तर तो सुरू करून घ्यायला त्यांना वेळ द्या. आणि दहा विद्यापीठांचे दहा दुवे एका माणसाला येणार आहेत, हे आधीच सांगा. नाहीतर चौथ्या मेलला ते कंटाळतात. दिवाळीच्या सुट्टीत सर गावी गेले, मेल स्पॅममध्ये पडला आणि मुदत टळली, असं घडतं. आठवण करून देण्यात संकोच नको.

कागदपत्रं

तुमच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, काहींवर आईचंही. पासपोर्टवर वेगळी रचना. आधारवर तिसरीच, त्यात एखादं अक्षर कमी-जास्त. परदेशी अर्ज, परीक्षा, आय-२० (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो फॉर्म) आणि व्हिसा या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव चालवा, आणि पासपोर्ट काढतानाच ते दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या. पुढच्या प्रत्येक टप्प्याला पासपोर्ट लागतो, म्हणून तो सगळ्यात आधी.

दुसरा घोळ गावाच्या नावाचा. २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर, आधीच्यांवर औरंगाबाद. बी.एस्सी.च्या पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकांवर दोन शहरं दिसली तर परदेशी कारकुनाला दोन वेगळी विद्यापीठं वाटू शकतात. अर्जात एका ओळीचा खुलासा द्या. टक्केवारीचं चारपैकी गुणांत स्वतः रूपांतर करू नका. जसं छापलंय तसं भरा, खाली गुणांकनाची पद्धत लिहा. एखाद्या विषयात एटीकेटी असेल तर ती लपत नाही. कारण सांगण्यासारखं असेल तर दोन ओळींत सांगा, नसेल तर गप्प राहा.

बायोस्टॅट्सचे काही विभाग सोफास नावाच्या सामायिक पोर्टलवरून अर्ज घेतात. तिथे परदेशी गुणपत्रिकांचं मूल्यांकन डब्ल्यूईएस या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, आणि ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच जावी लागते. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात हेलपाटे गृहीत धरा. जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एक दिवस. हे काम जुलै-ऑगस्टमध्येच उरका.

परीक्षा, यादी आणि कॅलेंडर

२०२० नंतर अनेक विभागांनी जीआरईची सक्ती काढली. तरीही, अपरिचित विद्यापीठातून अर्ज करणाऱ्याने ती द्यावी असं माझं मत आहे. क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, १७० पैकी १६५ च्या वर असाल तर गुण पाठवा, नसाल आणि परीक्षा ऐच्छिक असेल तर पाठवू नका. टोफेल किंवा आयईएल्ट्समध्ये बोलण्याच्या भागाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. तुम्हाला तिथे वर्गात शिकवायचं आहे आणि शिकवण्याच्या कामासाठी विद्यापीठं बोलण्याचे किमान गुण वेगळे ठरवतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी उच्चाराची धास्ती घेऊ नये. रोज एक प्रमेय मोबाइलसमोर इंग्रजीत समजावून सांगा आणि ऐका. महिन्याभरात फरक पडतो.

विद्यापीठांची यादी क्रमवारीवरून करू नका. स्टॅनफर्ड, हार्वर्ड यांना अर्ज जरूर करा, पण दहापैकी दोनच. उरलेल्यांत नॉर्थ कॅरोलायना स्टेट, आयोवा स्टेट, पर्ड्यू, पेन स्टेट, मिझुरी, कनेक्टिकट, फ्लोरिडा स्टेट असे विभाग पाहा. आयोवा स्टेटला १९३३ साली संख्याशास्त्राची प्रयोगशाळा निघाली तीच शेतीच्या प्रश्नांतून. विभागाच्या संकेतस्थळावर सध्याच्या विद्यार्थ्यांची यादी असते. भारतातल्या राज्य विद्यापीठांतून आलेलं कोणी त्यात दिसलं तर तिथे तुमचा अर्ज उघडून वाचला जाण्याची शक्यता जास्त. आपल्या भागातून गेलेल्या विद्यार्थ्याला एक नेमका प्रश्न विचारणारा मेल करा. ‘प्लीज गाइड मी’ एवढंच लिहिलेल्या मेलला उत्तर येत नाही.

अमेरिकेत स्टॅट्सचा प्रवेश समिती देते, एकटा प्राध्यापक नाही. म्हणून पन्नास प्राध्यापकांना ‘रिस्पेक्टेड सर’ पाठवणं वाया जातं. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात उलट रीत : आधी मार्गदर्शक गाठायचा, मग अर्ज. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएचडी ही बऱ्याचदा जाहिरात देऊन भरलेली नोकरी असते. तिथे मास्टर्स जवळपास अनिवार्य, पण मुदती वर्षभर येत राहतात. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळतो आणि पैसा मिळत नाही, अशी अवस्था वारंवार येते. तिथे राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, सारथीची मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती, असे दरवाजे आहेत. विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची, उत्पन्नाची आणि वयाची अट त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जाहिरात यायच्या आधी तहसीलमधून काढून ठेवा.

अमेरिकेतल्या मुदती १ डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत पसरलेल्या असतात. निकाल जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत येतात. निधीसह आलेली ऑफर बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत हातात ठेवता येते. त्याआधी ‘लगेच हो म्हणा’ असा दबाव आला तर या तारखेची नम्रपणे आठवण करून द्या. त्यानंतर आय-२०, व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म आणि मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. पूर्ण निधीचं पत्र असलेल्या पीएचडी विद्यार्थ्याला आर्थिक कागदपत्रांची चिंता कमी असते.

एक बाब सांगायलाच हवी. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधनाच्या निधीला कात्री लावली. आरोग्य संशोधनावर जगणाऱ्या बायोस्टॅट्सच्या विभागांना त्याची झळ अधिक लागली, काहींनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. त्याच वर्षी मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा काही आठवडे थांबवल्या गेल्या होत्या. म्हणून सगळे अर्ज एका देशात आणि एका विषयात टाकू नका. सहा अमेरिकेत, दोन-तीन युरोप किंवा कॅनडात, आणि देशातही एखादा. सीएसआयआर-नेटच्या मॅथेमॅटिकल सायन्सेसमधून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. भारतीय सांख्यिकी संस्था, आयआयटी किंवा आयआयएससीतली पीएचडी ही हार मानून घेतलेली वाट नाही.

अर्ज पहिल्या वर्षी फसला तर दुसऱ्या वर्षी करा, पण तोच अर्ज पुन्हा पाठवू नका. मधल्या वर्षात पुण्यातल्या एखाद्या क्लिनिकल ट्रायल कंपनीत किंवा संशोधन प्रकल्पात काम करा, मेझर थिअरीचा कोर्स पुरा करा, चौथं शिफारसपत्र मिळवा.

तुम्ही आज बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असाल तर दोन कामं या सत्रात करा : पासपोर्टचा अर्ज भरा, आणि ॲनालिसिस शिकवणाऱ्या सरांकडे गाइड न नेता पाठ्यपुस्तक घेऊन जा. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असाल तर शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना सप्टेंबरमध्येच भेटा. डिसेंबरची मुदत कोणासाठी पुढे ढकलली जात नाही.